पकडलेल्या मालाचं पुढं काय झालं, हे आमदारांनी विचारायला पाहिजे

उमरग्याच्या एका प्राध्यापक सरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा, की तुळजापूरचं एमडी म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचं प्रकरण झालं, चाकूर तालुक्यात त्याचा कारखाना सापडला, अधिवेशनात आरडाओरडा झाला, "चौकशी सुरू आहे, कुणालाही सोडणार नाही" असं उत्तर मिळालं आणि नंतर काहीच कळलं नाही. मग राज्याच्या ड्रग्ज तपास यंत्रणेवर विधिमंडळाचं खरंच काही नियंत्रण असतं का, असेल तर आमच्या आमदाराकडून आम्ही नेमकं काय करून घ्यायचं, आणि यासाठी वेगळी समिती कामून नेमत नाहीत?

सर, नियंत्रण असतं, चांगलं भक्कम असतं, फक्त लोक बघतात त्या जागी नसतं. मी विशेष न्यायालयात एनडीपीएसचे, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याखालचे, खटले चालवलेत, आधी सरकारी वकील म्हणून आणि नंतर आरोपींच्या बाजूनं. मधे काही वर्षं मराठवाड्यातल्या एका विधान परिषद सदस्यांना तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लिहून द्यायचं काम केलं. त्यामुळं मंत्रालयातून उत्तर कसं तयार होऊन येतं आणि कोर्टात केस कशी पडते हे दोन्ही जवळून बघितलंय. त्यातून माझं ठाम मत असं झालंय की आमचे आमदार जोर लावायलेत पण चुकीच्या दाराला. ते विचारतात किती माल पकडला, किती आरोपी, कुणाला वाचवताय. आणि मागच्या पाच वर्षांत जो पकडला त्याचं पुढं काय झालं हे कुणीच विचारत नाही.

आधी काय करता येत नाही ते बघू, कारण तिथंच सगळ्यात जास्त ताकद वाया जाते. गुन्हा दाखल झाल्यावर कुणाला अटक करायची, कुठलं कलम लावायचं, कुणाचं नाव चार्जशीटमध्ये घ्यायचं हे काम तपास अधिकाऱ्याचं आणि त्याच्यावर लक्ष कोर्टाचं. सभागृह त्यात आदेश देऊ शकत नाही, आणि खटला उभा राहिला की न्यायप्रविष्ट म्हणून त्यावर चर्चाच अडते. लोकांना याचा राग येतो, मला मात्र हा नियम पटतो. आज सभागृहाच्या दबावानं एखाद्याचं नाव चार्जशीटमध्ये घालता आलं तर उद्या त्याच दबावानं एखाद्याचं काढताही येईल, आणि ज्यांच्याकडं पैसा आहे त्यांचंच निघेल. एनडीपीएसमध्ये व्यावसायिक प्रमाणाच्या, म्हणजे मोठ्या साठ्याच्या, केसमध्ये १० ते २० वर्षं शिक्षा आहे, कलम ३७ मुळं जामीन जवळपास मिळत नाही, अशा कायद्यात कुणाला आत टाकायचं हे भाषणांवर ठरू नये.

पण यंत्रणा कशी चालते, किती माणसं आहेत, लॅबचा रिपोर्ट किती दिवसांत येतो, मुद्देमाल कुठं पडलाय, केसेस का सुटतायत, पोलिसातलाच कुणी सापडला तर त्याचं काय केलं, पैसा कुठं गेला, हे सगळं विचारायचा सभागृहाला पूर्ण अधिकार आहे. पोलीस हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतला विषय आहे, मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे, त्यामुळं इथं मंत्र्याला "तपास सुरू आहे" म्हणून सुटता येत नाही. एका केसचा तपास गोपनीय असू शकतो, पाच वर्षांतल्या सगळ्या केसेसची आकडेवारी गोपनीय कशी असेल?

आता दुसरी अडचण, ही मराठवाड्यात फार येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि पैठण एमआयडीसीत जे छापे पडले, कोकेन, केटामाईन, मेफेड्रोन मिळून २५० कोटींच्या वर किंमत सांगितली गेली, ती कारवाई डीआरआय (केंद्राची महसूल गुप्तचर यंत्रणा) आणि अहमदाबाद क्राईम ब्रँचची. एप्रिल २०२५ मध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिण्याला ११.३६ किलो मेफेड्रोन आणि ते बनवायची सगळी सामग्री सापडली, तीही कारवाई डीआरआयची. डीआरआय केंद्रीय अर्थ मंत्रालयाखाली, एनसीबी म्हणजे केंद्राची अंमली पदार्थ नियंत्रण यंत्रणा केंद्रीय गृह मंत्रालयाखाली. त्यांच्या तपासाबद्दल आपल्या विधानसभेत विचारलं तर "सदर बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे" एवढं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. ते खासदारांनी लोकसभेत विचारायचं.

मग आमदारानं गप्प बसायचं का? अजिबात नाही, उलट इथंच खरा माल आहे. एमडीचा कारखाना हवेत उभा राहत नाही. एमआयडीसीतला प्लॉट उद्योग विभागाचा, तिथला वायू आणि सांडपाणी बघायचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं म्हणजे पर्यावरण विभागाचं, कारखान्याची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची म्हणजे कामगार विभागाची, वीज महावितरणची. मेफेड्रोन बनवताना घाण वास सुटतो, सॉल्व्हंटचे ड्रम येतात जातात, रात्रीचं काम चालतं. या चार खात्यांपैकी कुणी त्या प्लॉटवर शेवटचं कधी पाऊल ठेवलं, रिपोर्टमध्ये काय लिहिलं, त्या युनिटला परवानगी कशाच्या उत्पादनाची होती, हे प्रश्न पूर्णपणे राज्याचे आहेत आणि कुठलाही मंत्री ते केंद्राकडं ढकलू शकत नाही. २०१६ ला सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत ठाणे पोलिसांनी इफेड्रिनचा (ड्रग्ज बनवायला वापरतात त्या रसायनाचा) एवढा मोठा साठा पकडला होता, म्हणजे इशारा मिळून किती वर्षं झाली बघा. त्यानंतर बंद पडलेल्या केमिकल युनिटची यादी तरी केली का, जिल्हानिहाय किती युनिट बंद आहेत आणि त्यातल्या किती ठिकाणी बंद झाल्यावर तपासणी झाली, असा प्रश्न मला तरी फारसा दिसला नाही. रोहिण्याचं तर गावातलं प्रकरण, तिथं एमआयडीसीसुद्धा नाही, तिथं ग्रामपातळीवर माहिती येत होती का आणि आली असेल तर पोलीस ठाण्यात अडकली का, हा प्रश्न लातूरच्या आमदारांचा आहे. त्यात पकडलेल्यांमध्ये एक पोलीस कर्मचारीही होता, त्याकडं मी खाली येतो.

राज्यातल्या राज्यातसुद्धा विषय तीन घरात वाटलेला आहे. गांजा, एमडी, चरस हे गृह विभागाकडं, म्हणजे पोलीस ठाणी, एलसीबी (जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा) आणि २०२३ मध्ये राज्यानं केलेली अँटी नार्कोटिक्स टास्क फोर्स. राज्य उत्पादन शुल्कवाल्यांनाही एनडीपीएसखाली कारवाई करता येते. आणि आमच्या संभाजीनगरात पोरं ज्यानं बरबाद झाली त्या बटन गोळ्या, खोकल्याची औषधं, झोपेच्या गोळ्या, त्यांचा मेडिकलमधला आणि होलसेलमधला हिशोब बघायचं काम एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, औषध निरीक्षकाचं. आमदार गृह विभागाला विचारतो, गृह विभाग म्हणतो ही बाब अन्न व औषध प्रशासनाची, पुढच्या अधिवेशनात तिकडं विचारलं तर ते म्हणतात गुन्हा पोलिसांकडं वर्ग केलाय. दोन अधिवेशनं गेली. म्हणून एकाच वेळी तिन्ही विभागांना तीन वेगळे प्रश्न टाकायचे आणि तिघांची उत्तरं शेजारी ठेवून वाचायची. एकाच जिल्ह्याचे आकडे जुळत नाहीत तिथं बोट ठेवायचं, लक्षवेधी तिथून निघते.

प्रश्न लिहायची पद्धत हा मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. विधिमंडळाचे प्रश्न एका ठरावीक साच्यात असतात. "सन्माननीय गृह मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय", मग अमुक ठिकाणी अमुक तारखेला इतका माल सापडला हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळले, नसल्यास विलंबाची कारणे काय. पेपरची बातमी कापून असा प्रश्न तयार होतो आणि उत्तरही तसंच येतं, "हे अंशतः खरे आहे", "तपास सुरू आहे", आणि शेवटी "प्रश्न उद्भवत नाही". कक्ष अधिकाऱ्यानं एसपी ऑफिसकडून मेलवर चार ओळी मागवल्या की झालं उत्तर. यात कुणाचंच काही बिघडत नाही. उत्तर द्यायला एसपी ऑफिसला रजिस्टर उघडावं लागलं पाहिजे असा प्रश्न पाहिजे.

मी जे लिहून द्यायचो त्यातले काही सांगतो, कुणीही वापरा.

पहिला सीए रिपोर्टचा. केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट आल्याशिवाय ती पावडर एमडी आहे का तुरटी, हे कोर्टात सिद्ध होत नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाटीचे नियम केलेत, त्यात नमुना मिळाल्यापासून १५ दिवसांत लॅबनं रिपोर्ट द्यायचा असं आहे. व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात चार्जशीटला १८० दिवसांची मुदत असते, कोर्टाकडून ती एक वर्षापर्यंत वाढवून मिळते. रिपोर्टच आला नाही तर चार्जशीट तशीच टाकायची, मग ती पूर्ण की अपूर्ण यावर वाद घालून आरोपी जामीन मागतो. आपल्याकडं संभाजीनगरला आणि नांदेडला न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत. तर प्रश्न असा की या दोन लॅबमध्ये एनडीपीएसचे किती नमुने आजच्या तारखेला प्रलंबित आहेत, त्यातले १५ दिवसांच्या वरचे किती, ६ महिन्यांच्या वरचे किती, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, आणि रिपोर्ट नाही म्हणून किती आरोपी जामिनावर सुटले. एवढं उत्तर आलं की आख्ख्या मराठवाड्याचं चित्र दिसतं.

दुसरा मुद्देमालाचा, आणि इथं जरा थांबून सांगतो कारण केसेस इथंच मरतात. कलम ५२अ प्रमाणे पकडलेल्या मालाची यादी, फोटो आणि नमुने मॅजिस्ट्रेटसमोर करून प्रमाणित करून घ्यायचे असतात. सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या मोहनलाल निकालात यावर फार कडक बोललंय, कारण देशभर माहिती मागवल्यावर पकडलेला माल नष्ट करण्याची अवस्था अतिशय वाईट दिसली होती आणि मालखान्यातला माल परत बाजारात जायची भीती कोर्टानं बोलून दाखवली होती. २०२५ मध्ये त्याच कोर्टानं असंही सांगितलं की ५२अ मध्ये त्रुटी राहिली एवढ्यावरून आरोपी आपोआप सुटत नाही, बाकी पुरावा बघायचा. ते ठीक आहे, पण बाकी पुरावा तरी धड कुठं असतो? मी चालवलेल्या एका गांजाच्या केसमध्ये पंचनाम्यातलं वजन वेगळं, मुद्देमाल रजिस्टरमधलं वेगळं आणि लॅबकडं गेलेल्या पाकिटावरच्या लेबलवर सीलचा ठसाच वाचता येत नव्हता. दोन्ही पंच फितूर. आरोपी सुटला, आणि सुटायलाच पाहिजे होता, कायदा तेच सांगतो. मला लागलं ते पुढचं. नंतर एका प्रश्नाच्या उत्तरात जिल्ह्यातल्या कारवायांचा आकडा आला त्यात हीच केस "धडक कारवाई" म्हणून मोजलेली होती. जप्ती मोजली गेली, निकाल कुणी मोजलाच नाही. म्हणून विचारायचं की जिल्ह्यातल्या कुठल्या पोलीस ठाण्यात किती किलो माल किती वर्षांपासून पडलाय, ५२अ ची प्रक्रिया किती केसमध्ये झाली, नष्ट किती केला, आणि शेवटचं वजन जप्तीच्या वजनाशी जुळलं का.

तिसरा निर्दोष सुटलेल्यांचा. नुसतं दोषसिद्धीचं प्रमाण विचारू नका, ते टक्केवारीत येतं आणि फसवतं. कामून फसवतं सांगतो. एनडीपीएसच्या केसेसमध्ये कलम २७ च्या म्हणजे नुसत्या सेवनाच्या केसेस भरपूर असतात, पोरगं गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं होतं आणि ती दोषसिद्धी म्हणून मोजली जाते. विकणारा सुटतो, पिणाऱ्याला शिक्षा लागते आणि टक्केवारी झकास दिसते. म्हणून सेवनाच्या केसेस वेगळ्या, कमी प्रमाण, मधलं प्रमाण आणि व्यावसायिक प्रमाण वेगळं असे चार रकाने मागा. गांजाला १ किलोपर्यंत कमी प्रमाण आणि २० किलोच्या वर व्यावसायिक, एमडीला २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. आणि व्यावसायिकमध्ये जे सुटले ते कशामुळं सुटले ते मागा, कलम ४२ प्रमाणे मिळालेली खबर लिहून वरिष्ठाला कळवली नाही म्हणून, कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा हक्क सांगितला नाही म्हणून, की पंच फुटले म्हणून. कलम ५० वर १९९९ च्या बलदेव सिंग निकालापासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय, २०१० मध्ये घटनापीठानं पुन्हा सांगितलं, तरी त्याच चुकीवर केसेस सुटत असतील तर ते ट्रेनिंगचं अपयश आहे आणि ट्रेनिंगचं बजेट सभागृह मंजूर करतं. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग बंधनकारक झालंय, तेव्हा किती जप्त्यांचं शूटिंग झालं हेही आता विचारता येतं.

चौथा प्रश्न फार कमी लोकांना माहितीये, तो कलम ५९ चा. एनडीपीएसचं काम असलेल्या अधिकाऱ्यानं जाणूनबुजून गुन्हेगाराला मदत केली किंवा डोळेझाक केली तर त्यालाही १० ते २० वर्षं शिक्षा आहे, म्हणजे मोठ्या तस्कराएवढीच. पण कोर्टाला त्याची दखल घ्यायची तर सरकारची आधी मंजुरी लागते, आणि मंजुरी देणारं सरकार म्हणजे मंत्रीच. तिथं सभागृहाचा थेट संबंध येतो. मागच्या पाच वर्षांत कलम ५९ खाली मंजुरीचे किती प्रस्ताव आले, किती मंजूर, किती नाकारले, किती प्रलंबित आणि किती दिवसांपासून? रोहिण्यात पकडलेल्या पोलिसासारखी प्रकरणं झाली की निलंबनाची, बडतर्फीची बातमी येते आणि लोकांचं समाधान होतं. बडतर्फी ही खात्याची शिक्षा आहे, कायद्याची नाही. उलट बाजूनं कलम ५८ आहे, विनाकारण त्रास द्यायला झडती घेतली तर अधिकाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. त्याचेही आकडे मागा, कारण पैसे उकळायला पोरांच्या खिशात पुडी टाकल्याच्या तक्रारी आमच्याकडं वकिलांकडं येतात, आणि खोट्या केसपासून गरिबाच्या पोराला वाचवणं हेही देखरेखीचंच काम आहे.

बरं, एवढे प्रश्न टाकले आणि उत्तर आलं नाही तर? तारांकित प्रश्नांची यादी लांब असते, तासाभरात थोडेच पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं लेखी येतात आणि ती पटलावर यायला किती उशीर होतो ते अधिवेशन बघणाऱ्यांना माहितीये. म्हणून मी नेहमी आश्वासन समितीकडं बोट दाखवतो. सभागृहात मंत्री जेव्हा म्हणतात "एसआयटी नेमू", "तीन महिन्यांत अहवाल मागवू", "संबंधितांवर कारवाई करू", तेव्हा ते वाक्य आश्वासन म्हणून नोंदवलं जातं आणि विभागानं ते ९० दिवसांत पूर्ण करायचं असतं. नाही झालं तर विभागाला मुदतवाढ मागावी लागते, समिती सचिवांना बोलावून साक्ष घेऊ शकते. टीव्हीवर हे दिसत नाही, तिथं कॅमेरा नसतो, म्हणून आमदारांना त्यात रस नसतो. पण मी बघितलंय, लक्षवेधीला हसत उत्तर देणारा विभाग आश्वासन समितीच्या पत्रानं हलतो, कारण तिथं गृह सचिवांना स्वतः फाईल घेऊन बसावं लागतं. तुमच्या जिल्ह्यातल्या ड्रग्जच्या विषयावर मागच्या अधिवेशनांत कुठली आश्वासनं दिली गेली, ती कार्यवाहीच्या छापील इतिवृत्तातून शोधून काढा, विधानमंडळाच्या वेबसाईटवर ते मिळतं, आणि आमदारांना एकच पत्र द्यायला सांगा की अमुक तारखेचं अमुक आश्वासन कुठं आलंय.

पैशाचा आणि अधिकाराचा मुद्दा. २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं टास्क फोर्ससाठी ३४६ पदं मंजूर केली. चांगली गोष्ट आहे. आता विचारायचं की त्यातली किती भरली, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसाठी किती माणसं प्रत्यक्षात बसलीत, का जुनेच एलसीबीचे लोक कागदावर इकडून तिकडं दाखवलेत, आणि बदली किती महिन्यांत होतेय. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात मकोकाच्या, म्हणजे राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, कक्षेत अंमली पदार्थांचे गुन्हे आणणारी दुरुस्तीही मंजूर झाली. तस्करांच्या टोळ्यांसाठी ती लागेलही. पण लक्षात घ्या, २०२० मध्ये तोफान सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की एनडीपीएस अधिकाऱ्यापुढं कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. मकोकाच्या कलम १८ मध्ये मात्र एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालतो. म्हणजे कोर्टानं जो दरवाजा बंद केला त्याच्या बाजूचा सभागृहानं उघडला. माझं म्हणणं दुरुस्ती रद्द करा असं नाही, पण ज्या सभागृहानं एवढी मोठी ताकद पोलिसांच्या हातात दिली त्याच सभागृहानं वर्षभरानं हिशोब घ्यायला पाहिजे. ड्रग्जच्या किती केसेसमध्ये मकोका लावला, कलम २३ ची अप्पर पोलीस महासंचालकांची मंजुरी किती मिळाली आणि किती नाकारली, आणि लावला तो खरंच टोळीला का दोन पुड्या विकणाऱ्या पोराला. कायदा करताना मंत्र्यांकडून दरवर्षी असा अहवाल पटलावर ठेवायचं कलमच घालून घेता आलं असतं. पुढच्या वेळी घालून घ्या.

वेगळ्या समितीबद्दल विचारलंत. संसदेत गृह खात्याची स्थायी समिती आहे, ती एनसीबीसह गृह मंत्रालयाच्या मागण्या बंद दाराआड सविस्तर तपासते. केरळ विधानसभेत विषय समित्या १९८० पासून आहेत. ड्रग्जसाठी तसं काही आपल्याकडं झालं तर मला आनंदच आहे, पण त्याची वाट बघत बसू नका, आणि एका प्रकरणासाठी घाईत नेमलेल्या समितीवर माझा फार भरवसा नाही, ती एका नावाभोवती फिरते आणि सरकार बदललं की विरते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात जे झालं ते मला जास्त शिकवून जातं. तिथली ड्रग्ज तपासायची सरकारी लॅब आरोग्य खात्याकडं होती, २०१२ मध्ये बजेटच्या तरतुदीनं ती स्टेट पोलिसांकडं गेली आणि नव्या हातांनी रेकॉर्ड बघितलं तेव्हा बाहेर आलं की एक केमिस्ट नमुने न तपासताच रिपोर्ट देत होती. २०१७ मध्ये २१,००० च्या वर केसेस रद्द झाल्या. कुणी भाषण केलं म्हणून ते उघडं पडलं नाही, लॅब कुणाच्या ताब्यात ठेवायची असला कोरडा बजेटचा निर्णय झाला म्हणून पडलं. आपल्याकडं लॅबचा विषय काढला की सभागृह रिकामं व्हायला लागतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता तुम्ही काय करायचं. प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली अंमली पदार्थ विरोधी समन्वय समिती असते, केंद्राच्या एनकॉर्ड रचनेतला तो सगळ्यात खालचा थर. धाराशिवच्या या समितीच्या मागच्या वर्षभरातल्या बैठकांची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मागा. किती बैठका झाल्या, कोण गैरहजर, एफडीए आणि उत्पादन शुल्कवाले काय बोलले, उमरगा हा सोलापूर-हैदराबाद हायवेवरचा तालुका आहे तर आंध्र-ओडिशाकडून येणाऱ्या गांजाबद्दल काही ठरलं का. चालू तपासाची माहिती मागू नका, ती कलम ८ खाली नाकारतील, फक्त आकडे आणि इतिवृत्तं मागा. पोलीस ठाण्याकडं मागितलं तर उडवून लावतील, एसपी ऑफिस आणि कलेक्टर ऑफिसकडं मागा. ते हातात आलं की विधानसभा सदस्यासोबत मराठवाडा पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाच्या परिषद सदस्यांकडंही जा. तुम्ही स्वतः प्राध्यापक आहात, शिक्षक-पदवीधर आमदार तुमचं ऐकतील, आणि परिषदेत सदस्य कमी असल्यामुळं लक्षवेधी लागायची शक्यता जरा बरी असते असा माझा अनुभव आहे. गावातल्या पालकांच्या सह्यांचा विनंती अर्जसुद्धा आमदाराच्या प्रतिस्वाक्षरीनं विनंती अर्ज समितीकडं देता येतो, तोही मार्ग कुणी वापरत नाही.

वेळेचं तेवढं सांभाळा. अधिवेशनात प्रश्न यायचा तर सूचना साधारण महिनाभर आधीच सचिवालयात पोचलेली पाहिजे, आणि माहिती अधिकाराचं उत्तर यायला कायद्यानं ३० दिवस. म्हणजे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी अर्ज उशिरात उशिरा सप्टेंबरमध्येच टाकायला लागतील. कागद हाती आले की मसुदा कच्चा का होईना तुम्हीच लिहा, तालुक्याची नावं, पोलीस ठाण्यांची नावं, कालावधी आणि चार रकाने त्यात ठेवा, आणि माझ्याकडं पाठवा, सभागृहाच्या नियमात बसेल अशी भाषा मी करून देतो.